मुलांचे फोटो : चौकट आणि कात्री

श्रोतेहो, नभोवाणीवरून छायाचित्रांविषयीं बोलावयाचें, म्हणजे दाखविण्याची सोय नाहीं. तेव्हां माझ्या शब्दांवरून चित्र आपणच डोळ्यांपुढें आणावें, ही विनंति.

आमचें डोंगरकडा हें हिंगोली जिल्ह्यांतील गांव. भोंवतीं केळीच्या बागा, हळदीचीं शेतें. सुटींत शहरांतील कुटुंबें गांवीं येतात आणि मोबाइलवर मुलांचे शेंकडों फोटो काढून नेतात. त्यांतील पुष्कळसे फसतात, आणि त्याचें पहिलें कारण फोटो काढणाराची उंची हें होय. उभा मनुष्य पांच वर्षांच्या मुलाकडे वरून पाहतो; भिंगही तसेंच पाहतें. मग डोकें मोठें, पाय आखूड, आणि मागें बागेऐवजीं नुसती माती. यासाठीं गुडघे टेकावे आणि भिंग मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर आणावें. धोतराला माती लागेल, लागूं द्यावी. ‘हंस रे, नीट उभा राहा’ असे हुकूम सोडूं नयेत. मूल खेळांत रमेपर्यंत थांबावें. तें धांवत असेल, तर ज्या दिशेस धांवतें त्या बाजूला चौकटींत मोकळी जागा ठेवावी. डोक्यांतून विजेचा खांब उगवलेला दिसत असेल, तर आपणच एक पाऊल बाजूस सरावें.

प्रकाशाची गोष्ट जरा विस्तारानें सांगतों. आमच्याकडील भर दुपारचें ऊन डोक्यावरून पडतें, त्यामुळें डोळ्यांच्या जागीं काळ्या खांचा दिसतात. लिंबाखालीं नेलें तर तोंडावर उन्हाचे कवडसे पडतात. सावलीच्या कडेला, मोकळ्या आकाशाकडे तोंड करून मुलाला खेळूं द्यावें, म्हणजे चेहरा उजळतो. केळीच्या बागेंत निराळीच अडचण. पानें तांबडा व निळा प्रकाश बराचसा शोषून घेतात आणि हिरवा खालीं सोडतात. त्यामुळें मुलें आजारी असल्यासारखीं हिरवट दिसतात. त्यांना बांधावर आणावें, किंवा कोणी तरी पांढरें धोतर पसरून धरावें. त्यावरून परतलेला उजेड तोंडावर येतो. तरीही हिरवी झांक राहिली, तर ती मोबाइलमध्यें मागाहून काढावी. सदरा पांढरा दिसूं लागला, कीं थांबावें.

येथपर्यंत दुरुस्ती. पुढें मात्र जपावें लागतें. अमेरिकेंत डोरोथिया लँग या बाईनें १९३६ च्या मार्च महिन्यांत, कॅलिफोर्नियांतील निपोमो येथें, मजुरांच्या तळावर एका आईचा तिच्या मुलांसह फोटो घेतला. तो जगप्रसिद्ध झाला. त्याच्या कोपऱ्यांत तंबूच्या खांबावर टेकलेला एक अंगठा दिसत होता. १९३९ मध्यें लँगबाईनें तो मूळ निगेटिव्हवरून पुसवून घेतला. त्यापूर्वींच्या प्रतींत तो आहे. माझ्या मतें तोही राहता तर कांहीं बिघडत नव्हतें. पण निदान तिनें चेहऱ्याला हात लावला नाहीं.

आपल्याकडे तर एक कळ दाबली कीं सांवळें मूल गोरें होतें, गुडघ्याची खपली जाते. हें चालतें तेव्हां मूल बहुधा शेजारींच उभें असतें. आपला रंग आईनें पुसला, हें त्याला कळतें. तसें मुळींच करूं नये.

कडा कापतांना मनगट, गुडघा, घोटा अशा सांध्यांवर कात्री चालवूं नये. हात तुटल्यासारखा दिसतो. मूळ प्रत निराळी ठेवावी. आणि आपलें मूल मधोमध यावें म्हणून कडेचें मूल कापूं नये. मीं असे फोटो पाहिले आहेत : खांद्यावर गांवच्या सवंगड्याचा हात आहे आणि सवंगडी नाहीं. एकट्याचा फोटो हवा असेल तर वेगळा घ्यावा. दोघांचा आहे तसा छापून एक प्रत त्या सवंगड्याच्या घरीं पाठवावी. घर ठाऊक नसेल तर गांवच्या शाळेंत चौकशी करावी.