बडनेऱ्याची ज्ञानशाळा आणि अभियांत्रिकीचा अध्यापक

मुंबई-नागपूर लोहमार्गावरील बडनेरा हे वऱ्हाडातील महत्त्वाचे जंक्शन होय. अमरावतीकडे जाणारा फाटा येथूनच निघतो. वऱ्हाडचा कापूस या मार्गाने मुंबईस गेला, त्याचप्रमाणे येथील अनेक बुद्धिमान मुलेही उच्च शिक्षणासाठी याच मार्गाने पुण्या-मुंबईस गेली. कापसाचे मोल परत येत असे. शिकलेली मुले मात्र क्वचितच परतत. शिकलेल्या अभियंत्याने गावात राहून ज्ञानाची उपासना करावी, असे स्थानच येथे फारसे नव्हते. अमरावतीत १९६४ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय होते. परंतु तेथील जागा मोजक्याच होत्या.

ही स्थिती पालटण्यास १९८३ हे वर्ष कारणीभूत ठरले. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या शासनाने विनाअनुदानित तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास अनुमती दिली. त्याच वर्षी विदर्भ युथ वेलफेअर सोसायटीने बडनेऱ्यात अंजनगाव बारी मार्गावर अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. राज्याचे शिक्षणमंत्रिपद भूषविलेल्या प्रा. राम मेघे यांचे नाव पुढे या संस्थेस देण्यात आले. शेगाव येथील संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयही १९८३ चेच. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ अस्तित्वात आले. समाजबांधवांना स्मरत असेल, की सोलापूरच्या ऐल्लक पन्नालाल दिगंबर जैन पाठशाळा या संस्थेने वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची स्थापना केली, तीही याच वर्षी.

इमारतीहून अवघड काम

निधी असला की इमारत उभी राहते, यंत्रसामग्री विकत आणता येते. अध्यापक मात्र घडावा लागतो, आणि त्यास वर्षे लागतात. बडनेऱ्यासारख्या गावात त्याची कसोटी पहिल्याच वर्गात लागते. समोर बसलेल्यांपैकी कित्येक मुले बारावीपर्यंत मराठीतून विचार करीत आलेली असतात. पुस्तके, व्याख्याने आणि परीक्षा मात्र एकाएकी इंग्रजी होतात. मुलगा बुद्धीने उणा नसतो, भाषेने अडतो. चांगला अध्यापक हे ओळखतो. ‘मोमेंट’ ही संज्ञा शिकविताना तो आधी दाराकडे बोट दाखवितो. कडी बिजागरीपासून दूर का बसवितात, बिजागरीजवळ ढकलल्यास दार जड का लागते, हे उमगले की सूत्र पाठ करावे लागत नाही. २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड येथील एका महाविद्यालयात अभियांत्रिकीचे पदवीशिक्षण मराठीतून सुरू झाले. बडनेऱ्यासारख्या ठिकाणी समजावणीची भाषा व्यवहारात त्यापूर्वीही मराठीच होती.

प्रयोगशाळेतही हेच घडते. मऊ पोलादाची सळई यंत्रात धरून ताणली असता ती लगेच तुटत नाही. प्रथम ती लांबते, मग एका जागी बारीक होते आणि त्यानंतरच तुटते. बिडाचा तुकडा मात्र कोणतीही सूचना न देता तुटतो. इमारतीत लवचीक पोलाद का वापरावे, हे भूकंपात माणसांचे प्राण कशामुळे वाचतात याच्याशी निगडित आहे. ही जाणीव विद्यार्थ्यास देणे हे अध्यापकाचे कार्य. त्याच्या हातून शिकलेला एकेक अभियंता पुढे पूल, धरणे आणि घरे बांधणार असतो.

पायऱ्या आणि अडथळे

या क्षेत्रातील वाटचालीचे टप्पे निश्चित आहेत. पदवीनंतर ‘गेट’ परीक्षेद्वारे पदव्युत्तर शिक्षणास प्रवेश मिळाल्यास दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती मिळते. पदव्युत्तर पदवीनंतर सहायक प्राध्यापक होता येते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१९ च्या नियमांनुसार थेट भरतीत सहयोगी प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. आणि आठ वर्षांचा अनुभव, तर प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. आणि दहा वर्षांचा अनुभव आवश्यक असून, संशोधनाची अटही आहे. नोकरीत असतानाच आयआयटीसारख्या संस्थेत जाऊन पुढे शिकण्याची सोय १९७० मध्ये सुरू झालेल्या गुणवत्ता सुधार कार्यक्रमाने करून दिली.

अडथळेही लपविण्याजोगे नाहीत. महाविद्यालयांची संख्या वाढली आणि अनेक ठिकाणी जागा रिक्त राहू लागल्या. विनाअनुदानित संस्थेचा बहुतांश खर्च विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालतो. प्रवेश घटले की पहिला भार अध्यापकांवर येतो. कोठे पगार रखडतो, कोठे नेमणूक वर्षभरापुरतीच असते. त्याच वेळी संगणक कंपन्या त्याच पदवीधरास अधिक वेतन देऊ करतात. परिणामी “दुसरे काही जमले नाही, म्हणून शिकवितो” असा समज घराघरांत रूढ झाला आहे.

हा समज सर्वांनाच महाग पडणारा आहे. मन दुसरीकडे असलेला मनुष्य वर्गात उभा राहिला, तर लक्षावधी रुपये शुल्क भरणाऱ्या पालकाच्या हाती केवळ प्रमाणपत्र येते. म्हणून मुलासाठी महाविद्यालय निवडताना इमारतीइतकीच अध्यापकांचीही चौकशी करावी. किती अध्यापक पीएच.डी. आहेत, किती कायम आहेत, किती जण वर्षानुवर्षे तेथेच टिकून आहेत, हे अवश्य विचारावे. घरातील एखाद्या मुलास वा मुलीस शिकविण्याची ओढ असेल, तर त्यांना परावृत्त करू नये. मात्र संस्था पारखून घेण्यास सांगावे, आणि पीएच.डी.च्या वर्षांत घराने त्यांचा भार उचलावा.

आपल्या परंपरेत ज्ञानदानास आहारदान, औषधदान आणि अभयदान यांच्या पंक्तीस बसविले आहे. अन्नाने एका वेळेची भूक भागते. शिकविलेली विद्या मात्र शिकणाऱ्याकडून पुढच्याकडे जात राहते. बडनेऱ्याच्या स्थानकावरून आजही मुले बाहेर जातात आणि जावीतही. त्यांपैकी काहींनी परत येऊन फळ्यासमोर उभे राहावे, असे वाटण्याजोगे वेतन, स्थैर्य आणि मान त्यांना देणे हे संस्थाचालकांचे आणि समाजाचे कर्तव्य आहे.