ऑर्डर घेत नाही

रत्नागिरीत जून ते सप्टेंबर कुरकुरीत काही टिकत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही जवळजवळ सगळा याच चार महिन्यांत, आणि त्यात समुद्राची खारी हवा. मीठ पाझरतं, काडी ओढली तर पेटण्याआधी गूल निघून येतं, सकाळी भाजलेली नानकटाई संध्याकाळी सादळलेली असते. त्यामुळे पावसाळ्यात आमच्याकडे बिस्किटं होत नाहीत. धोंडस होतं, म्हणजे तवशाचा, जून काकडीचा केक.

केक म्हटला की आपल्याला साहेब आठवतो. पण खाली विस्तव, वर विस्तव आणि मधे गोड मिश्रण, हा प्रकार कोकणातल्या चुलीला नवा नाही. पावसात मांडवावरची काही तवशी मुद्दामच खुडायची नसतात. ती हातभर वाढतात, जून होतात, पिवळी पडतात. कोशिंबिरीला ती बाद, धोंडसाला मात्र तीच लागतात. आधी टोक कापून चाखायचं, कारण एखादं कडू निघतं आणि मग गुळासकट सगळंच फुकट जातं. साल आणि बिया काढून किसायचं. सुटलेलं पाणी फेकायचं नाही, रवा त्याच पाण्यात शिजतो. दोन वाट्या कीस पाण्यासकट, एक वाटी तांदळाचा रवा तुपावर खमंग भाजलेला, पाऊण वाटी गूळ, अर्धी वाटी ओलं खोबरं, चिमूटभर मीठ, वेलची, घरात असतील तर काजूचे तुकडे. हे पातेल्यात घट्ट होईपर्यंत शिजवायचं आणि मग तळाशी हळदीचं पान घातलेल्या जाड बुडाच्या भांड्यात थापून भाजायचं.

सासूबाई हे चुलीवर करत. जळती लाकडं मागे ओढायची, नुसत्या निखाऱ्यांवर भांडं ठेवायचं आणि झाकणावर करवंट्यांचे निखारे पसरायचे. घड्याळाकडे कोणी बघत नसे. कडेला तूप दिसायला लागलं आणि हळदीच्या पानाचा वास ओटीपर्यंत पोहोचला की उतरवायचं. मी तेच आता ओव्हनमध्ये १८० अंशांवर पाऊण तास ठेवते. चव तीच येते, करवंटीचा धूर तेवढा लागत नाही.

धोंडस फुगत नाही, आणि त्याचं कारण सोपं आहे. गव्हाच्या पिठात पाणी पडून ते मळलं, फेटलं की ग्लुटेनची चिवट जाळी तयार होते. सोड्याचा किंवा यीस्टचा वायू त्या जाळीत अडकतो आणि पाव, केक वर येतात. तांदळात ग्लुटेन नाही. तांदळाचा कण पाणी पिऊन फुलतो, त्याचा स्टार्च चिकट होतो आणि त्यावरच वडी धरते. बाकीचं काम गुळाचं. गूळ ओलावा धरून ठेवतो, म्हणून धोंडस दुसऱ्या दिवशीही मऊ असतं, उलट जास्त मुरलेलं लागतं. जी हवा बिस्किटाला सादळवते तिला इथे बिघडवायला काही उरतच नाही. आपल्या हवेत काय टिकेल हे ओळखून कुणीतरी हा पदार्थ बसवला असणार असं मला दर भाद्रपदात वाटतं. कोण ती बाई, तिचं नाव कुठेही लिहिलेलं नाही.

बिस्किटाची गोष्ट वेगळी, त्याला घरात शिरायलाच वेळ लागला. पुण्यात १८९० साली पंचहौदच्या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानानंतर मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली आणि त्यावरून बहिष्काराचं ग्रामण्य उभं राहिलं. आरोपींत न्यायमूर्ती रानडे होते, आणि आमच्या रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळकही. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनी पुढे १८९२ मध्ये घेतलं. एका बिस्किटापायी केवढी धावपळ! टिळक आळीतल्या त्यांच्या जन्मघरावरून जाताना पिशवीत बेकरीचा पुडा असला की मला हे हटकून आठवतं.

माझ्या लहानपणापर्यंत बिस्किटाने वाट काढली होती ती बेकरीच्या भट्टीतून. दिवाळीआधी घरोघरी तूप, पिठीसाखर, मैदा, थोडा रवा आणि बेसन मळून नानकटाई व्हायची, पण घरात ती फक्त वळायची. भाजायला बेकरीत न्यायची. बेकरीवाला पत्रे द्यायचा. आपला पत्रा दुसऱ्याच्या पत्र्यात मिसळू नये म्हणून कुणी नानकटाईवर चारोळी लावायचं, कुणी बोटाने खळगा करायचं. आम्ही मुलं राखणीला बसायचो. भट्टीवाल्यांचा हिशेब तेव्हा कळत नव्हता, आता कळतो. विटांची भट्टी एकदा तापली की उष्णता धरून ठेवते. आधी कडक आचेवर पाव, मग उतरत्या आचेवर बिस्किटं, आणि शेवटी उरलेल्या धगीवर टोस्ट वाळायला. एका सरपणात तीन कामं. नानकटाई कडक आचेत घातली तर तळ करपतो आणि पोट कच्चं राहतं, हे मी पुढे स्वतःच्या ओव्हनमध्ये १६० अंशांवर आणून जमवलं.

माझा पहिला ओव्हन त्याच्याही आधीचा, लग्नानंतर आलेला. अ‍ॅल्युमिनियमचा, गोल, झाकणाला काचेची छोटी खिडकी. त्याला अंशबिंश काही नव्हते, बटण एक तर चालू नाही तर बंद. शेजारी कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’. ते १९७० साली निघालं आणि माझ्या वयाच्या कितीतरी जणींना माहेरहून मिळालं. कमलाबाईंनी मापं वाटी-चमच्यात दिली हे मला त्यांचं फार मोठं काम वाटतं. ज्या घरात तराजू नाही त्या घरातली बाईही पुस्तक उघडून कामाला लागू शकली. भाजण्यात डोळ्यांचा अंदाज चालत नाही, प्रमाण लागतं. वाटी कुठलीही घ्या, पण शेवटपर्यंत तीच ठेवा.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं आणि जिल्ह्यात ठिकठिकाणी वीज गेली. ओव्हन म्हणजे नुसतं कपाट. तेव्हा जाड कढईत मीठ पसरून, त्यावर तिवई, तिवईवर डबा आणि वर घट्ट झाकण, असा गॅसवर केक केला. हापूसच्या रसाचा. आंब्याच्या आंबटपणाने खायचा सोडा फसफसतो, त्यामुळे दह्याची गरज नाही. साखर मात्र निम्मी करा, नाहीतर वरचा भाग लवकर काळा पडतो आणि आत रस तसाच.

हे सगळं सांगितलं की समोरचा माणूस ठरलेला प्रश्न विचारतो, “काकू, ऑर्डर घेता का?”

नाही घेत. ज्या घेतात त्यांच्याविषयी मला आदर आहे. या गावात केकच्या, मोदकांच्या ऑर्डरींवर मुलांची शिक्षणं झालेली घरं मी पाहिली आहेत. तो धंदा आहे आणि त्यात रात्री जागाव्या लागतात. माझी तक्रार प्रश्नाबद्दल आहे. बाईला काही चांगलं जमतं असं दिसलं की लगेच त्याचा दर का ठरवायचा? आमच्या शेजारचे एक गृहस्थ पहाटे पांढऱ्या समुद्रावर गळ टाकून बसतात. दोन मासे मिळतात, कधी तेही नाहीत. त्यांना कोणी विचारत नाही, की ट्रॉलर कधी घेताय.

आता याची दुसरी बाजूही आहे, आणि ती न सांगता घरकामाचे गोडवे गाणं मला जमणार नाही. परदेशात सध्या काही तरुणी मोबाइलवर दिसतात. फुलाफुलांचा झगा, घरी भाजलेला पाव, आणि चूल-मूल यातच बाईचं सुख असा उपदेश. मला त्यांचा पाव आवडतो. पण कॅमेरा बंद झाल्यावर पिठाची परात कोण घासतं ते दिसत नाही, आणि त्या चित्रफिती हाच त्यांचा धंदा असतो हेही कोणी बोलत नाही. आपल्या केंद्र सरकारने २०२४ मध्ये लोकांचा वेळ कुठे जातो याची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. आणि ही ८८ मिनिटं सगळ्या पुरुषांची नव्हेत बरं का, जे मुळात हात लावतात त्यांची.

मला भाजण्यात जे सुख मिळतं ते या आकड्यांपासून वेगळं काढता येत नाही. मुलं लहान होती तेव्हाही मी केक करत होते, पण तेव्हा तो आणखी एक काम असायचा. पाणी भरणं, डबे, सासऱ्यांचं पथ्य, आगोटीची धांदल, त्यात वाढदिवस. फेटताना मनात पुढच्या कामांची यादी चालायची. आमचे हे एस.टी.तून निवृत्त झाले आणि घरातली वाटणी बदलली. मिरकरवाड्याहून मासळी आणणं, ती साफ करणं आणि रात्रीची भांडी त्यांच्याकडे गेली. सहजासहजी गेली नाहीत, पण गेली. तेव्हापासून ओव्हन लागला की मी स्वयंपाकघरातच खुर्ची टाकून बसते. त्या पाऊण तासात दुसरं काही उरकत बसत नाही. आधी पिठाचा कच्चा वास, मग तुपाचा, मग साखर तांबूस होतानाचा, असे वास क्रमाने येतात आणि त्यावरून आत काय चाललंय ते कळतं. हे शिकायला मोकळा वेळ लागतो. आधी तो नव्हता.

गेल्या गणपतीत शेजारची सून आली. जागरणाला चाळीस वड्या धोंडस हवं होतं.

“दर सांगा, काकू. संकोच करू नका.”

“दर नाही गो. तवशी घेऊन ये, नवऱ्याला आण, इथे बसून करू.”

तिला वाटलं मी थट्टा करतेय. पण दुसऱ्या दिवशी दोघं आली, दोन पिवळीधमक तवशी घेऊन. तो पुण्यात कंपनीत आहे, सणाला आलेला. त्याला किसायला बसवलं. वाटीच्या मापावर त्याचा विश्वास बसेना. त्याने माझ्या वाटीचा फोटो काढला, मग वजनकाटा मागून रवा, गूळ, कीस सगळं ग्रॅममध्ये मोबाइलवर लिहून घेतलं. ती रवा भाजत होती, त्याच्याकडे बघून हसत होती. भांडं ओव्हनमध्ये गेल्यावर त्याने सोलवटलेलं बोट दाखवलं आणि म्हणाला, “काकू, मिक्सरला लावलं असतं तर?”

“पाण्याचा लगदा होतो, कीस उरत नाही,” मी म्हटलं. “आणि परात अजून घासायची आहे.”

त्याने घासली. नीट घासली नव्हती, कडेला रवा राहिला होता, तो तिने त्याला दाखवला.