शिसं लांब जातं कशानं

संध्याकाळच्या भरतीला पुळणीवर बारा-चौदा फुटी कार्बनच्या काठ्या घेऊन उभी असलेली मुलं आता कोकणात नवलाची राहिली नाहीत. एरवी गरवणं हा आपला खडपावरचा, जेटीवरचा, खाडीच्या तोंडावरचा उद्योग. हातात तंगूस, टोकाला शिसं, वर एक-दोन गऱ्या; डोक्याभोवती दोन गरके द्यायचे आणि सोडायचं. काठी आली, रीळ आलं, आणि हातानं गरवणाऱ्याला कधी पडला नव्हता तो प्रश्न आला : किती लांब गेलं?

मलाही तो पडला, आणि त्यानं माझी बरीच वर्षं आणि त्याहून जास्त शिसं खाल्लं. सुरुवातीला मी जोर वाढवत होतो. लांब फेकायचं तर दंड हवेत, अशी साधी समजूत. जगातल्या निरनिराळ्या किनाऱ्यांवर लोकांनी या प्रश्नाचं काय केलं ते वाचत गेलो तेव्हा दिसलं, की या कहाणीत पैलवान जवळजवळ नाहीतच. घड्याळजी आहेत, एक गिरणीमालक आहे, रसायनशास्त्रज्ञ आहेत.

फेक जात नव्हती तेव्हा माणसंच पुढे जात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ कटीहंक नावाचं चिमुकलं बेट आहे. तिथे न्यू यॉर्कच्या धनिकांनी १८६४ साली मासेमारीचा क्लब काढला. त्यांना हवा होता पट्टेरी बास. हा मासा खडकांपाशी, फुटणाऱ्या लाटांच्या फेसात फिरतो. तिथवर गळ पोचेना, म्हणून त्यांनी खडकांवरून पाण्यावर जाणारे लाकडी साकव बांधले आणि टोकाला बैठक केली. मासा जवळ यावा म्हणून पाण्यात खाद्य टाकायला वेगळा पगारी माणूस. थाट मोठा, पण अडचण अगदी साधी : जाड दोरा आणि अडखळणारं रीळ.

रीळ हे घड्याळाचं भावंड आहे. केंटकीतल्या जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीनं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दातेरी चाकांचं रीळ बनवलं. मूठ एकदा फिरवली की आतली चकरी अनेकदा फिरे. हाच मल्टिप्लायर. शंभर वर्षांनी स्वीडनमधल्या स्वेंगस्टा गावात १९२१ साली घड्याळांचा कारखाना निघाला. त्याच्या ‘आबू’ या आद्याक्षरी नावातला ‘ऊ’ ज्या शब्दाचा, त्यातला ‘उर’ म्हणजे स्वीडिशमध्ये घड्याळच. या कारखान्यानं टॅक्सीचे मीटर केले, आणि १९५० च्या दशकात अँबॅसॅडर नावाची रिळं बाजारात आणली. पुढे ब्रिटनमधल्या लांब फेकणाऱ्यांनी हीच रिळं खोलून, घासून, तेल बदलून आपल्या कामाला जुंपली.

मल्टिप्लायरची खोड अशी, की फेकताना चकरी स्वतः फिरते. सुटताना शिसं सुसाट असतं, पुढे हवा त्याला मंदावते, पण चकरीला ते कोण सांगणार? ती आपल्याच तोऱ्यात फिरत राहते, तंगूस जायच्या आधीच सुटतो आणि रिळावर असा गुंता होतो की तो सोडवेपर्यंत भरती उतरते. यावर उपाय दोन. वेगानं बाहेर फेकले जाऊन घासणारे छोटे ठोकळे, किंवा न शिवता वेग खाणारं लोहचुंबक. तिसरा उपाय अंगठा, आणि तो शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ या गिरणीमालकानं ही खोडच काढून टाकली. गिरणगावात वाढलेल्या वाचकाला हे लगेच कळेल. बॉबिन जागच्या जागी उभी असते आणि सूत तिच्या टोकावरून वेढ्यावेढ्यानं सुटत जातं. इलिंगवर्थनं १९०५ साली त्याच तत्त्वाच्या रिळाचं पेटंट घेतलं. चकरी फिरतच नाही, मग पुढे धावण्याचा प्रश्न कुठला? आज आपल्याकडच्या बहुतेक काठ्यांवर दिसतं ते ‘स्पिनिंग रीळ’ त्याचंच वंशज. त्याच्याही आधी, १८८४ मध्ये, स्कॉटलंडमधल्या पर्थच्या मॅलकनं फेकताना काटकोनात वळणारं रीळ काढलं होतं. ही वाट ब्रिटनमध्ये मागे पडली. ऑस्ट्रेलियात मात्र ब्रिस्बेनच्या अल्वी कंपनीनं १९२० पासून तीच पकडून ठेवली. वाळू शिरली तरी बिघडण्यासारखं त्या रिळात फारसं काही नसतं. सायकलीच्या चाकासारखा हा प्रकार मला फार आवडतो, पण तंगुसाला पीळ पडतो तो पडतोच.

आता थोडा हिशेब. हवा नाहीच असं धरलं, तर ४५ अंशांत सोडलेलं शिसं १०० मीटर जायला सुटताना ताशी सुमारे ११३ किलोमीटर वेग लागतो. २०० मीटरला ताशी १५९. प्रत्यक्षात हवा आपला हप्ता घेते, म्हणून वेग याहून चढा हवा. पण ऊर्जा पाहा. १५० ग्रॅमचं शिसं २०० मीटर न्यायला, हवा वगळून, जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्यात १५ किलोची पिशवी जमिनीपासून मीटरभर उचलून होते. बाजारातून येताना आपण ती रोज खर्च करतो. मेख एवढीच, की इथे ती निमिषभरात आणि एकाच दिशेनं खर्च करायची असते. काठी हे त्याचं साधन. काठी आधी वाकवायची, म्हणजे ऊर्जा तिच्यात साठवायची, आणि शेवटच्या क्षणी सोडायची. माझ्यासारखे लोक सुरुवातीलाच सगळा दम लावतात. काठी लवकर वाकते, लवकर सरळ होते, आणि शिसं आभाळात उंच जाऊन जवळच पडतं. दणका शेवटी हवा. तोही उजव्या हाताच्या ढकलण्याइतकाच डाव्या हाताच्या ओढण्यातून येतो. डावा हात काठीचं बूड छातीकडे खेचतो, तेव्हा काठीचं टोक खरं धावतं.

हे शास्त्र टोकाला नेलं ब्रिटिशांनी. १९६० च्या दशकात लेस्ली मॉनक्रीफ या उंचापुऱ्या माणसानं मागे रेलून, सबंध अंग वळवून फेकायची पद्धत लोकप्रिय केली. डंजनेसच्या गोट्यांच्या उभ्या उतारावरून कॉड धरायला ती कामाची होती. पुढे आली लोलक-फेक, पेंड्युलम कास्ट. टोकाखाली काठीच्या निम्म्याहून जास्त लांबीचा तंगूस सोडायचा, शिसं आधी पुढे झुलवायचं, मग मागे. ते मागे वर चढून क्षणभर हलकं झालं की तिथून अंग फिरवत ओढायला सुरुवात. गोफण फिरवलेल्या माणसाला यात नवं काही नाही. पाखरं हाकणारा राखणदार गोफणगुंडा सोडतो तोही दोरी ताणलेली असतानाच, आणि त्याचाही दगड जातो तो दंडाच्या जोरापेक्षा वळणाच्या लांबीवर. शिसं जितकी लांब वाट ताणात चालेल तितका वेग जास्त.

यातून ब्रिटनमध्ये स्पर्धा उभ्या राहिल्या. १००, १२५, १५० आणि १७५ ग्रॅमची शिसं, आखलेलं मैदान, मोजणी. मैदान गवताचं. समुद्र लांब, मासा नाही, आमिष नाही. उत्तम फेकणारे २५० मीटरच्या पुढे जातात. मी याला नावं ठेवणार नाही. काठ्या, रिळं, तंगूस यांत झालेल्या कितीतरी सुधारणा त्या गवतावर झाल्या. पण गऱ्या आणि कोळंबी लावली की त्याच माणसाची फेक बरीच खाली येते, हे स्पर्धेतले लोक स्वतःच सांगतात. आमिष वाऱ्याला तोंड देत लटपटत जातं. म्हणून फेकताना गरी शिशाच्या मागे छोट्या आकड्यात अडकवून ठेवायची आणि शिसं पाण्यावर आपटलं की ती सुटावी, अशी योजना असते. आमिष बारीक लवचिक दोऱ्यानं बांधून घेतात. या दोन किरकोळ गोष्टींनी माझी फेक जेवढी वाढली तेवढी तीन महागड्या काठ्यांनी वाढली नव्हती.

पुढचा सगळा हिशेब गळतीचाच. जाड तंगूस हवेत अडतो आणि रिळाच्या काठावर घासतो. चकरी अर्धी भरलेली असेल तर प्रत्येक वेढा काठावर चढून बाहेर येतो. म्हणून ती काठाच्या दोन-तीन मिलिमीटर खालपर्यंत भरायची. काठीवरच्या कड्या चुकीच्या जागी असल्या की तंगूस काठीला फटकारतो. नेदरलँड्समधल्या डीएसएम कंपनीच्या संशोधकांनी शोधलेल्या डायनीमासारख्या धाग्यानं इथे क्रांती केली. नायलॉनच्या जाडीच्या निम्म्यात तेवढीच ताकद. मात्र हा विणीचा दोरा उघड्या बोटावरून सोडला तर बोट कापतो. माझ्या तर्जनीवर त्याची खूण आहे. तेव्हापासून चामड्याचं बोट घालतो.

इथे एक गोष्ट जरा ठासून सांगतो, कारण पुळणीवर हल्ली गर्दी असते. बारीक तंगूस फेकीचा झटका सोसत नाही. म्हणून पुढे आठ-दहा मीटर जाड तंगूस जोडतात; काठीच्या दुप्पट लांबी आणि वर रिळावर चार-पाच वेढे. ब्रिटिशांचा आडाखा असा, की शिशाच्या दर औंसाला १० पौंड ताकद. म्हणजे १५० ग्रॅमला साधारण २५ किलोचा तंगूस. हा जोड न घेता जोर लावला, तंगूस तुटला, तर ताशी शंभरावर वेग घेतलेलं शिसं कुठे जाईल याचा नेम नाही. ते डोक्यात बसलं तर माणूस दगावेल. मागे कोण उभं आहे हे पाहिल्याशिवाय फेकूच नये.

याच कारणानं अमेरिकेतल्या हॅटरस भूशिरावर लोलक-फेक फारशी चालत नाही. तिथे शरदात तांबूस ड्रम मासे यायला लागले की माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात. त्यांनी आपली आखूड हालचालीची फेक बसवली. शिसं ८ औंसांचं, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या वर, आणि त्यावर माशाचा मोठा तुकडा. काठीला ते ‘हीव्हर’ म्हणतात. वाळूचा दांडा जिथे लाट फोडतो त्याच्या आसपास आमिष पडायला हवं, एवढंच उद्दिष्ट. तिथूनच जवळ ॲव्हनच्या किनाऱ्यावर १९८४ च्या नोव्हेंबरात डेव्हिड ड्युएलनं ९४ पौंड २ औंसांचा ड्रम धरला. ४२ किलोंच्या वर. आज नॉर्थ कॅरोलायनात २७ इंचांहून मोठा ड्रम पाण्यात परत सोडावा लागतो. दक्षिण आफ्रिकेत रीळ काठीच्या बुडाशी बसवतात आणि डर्बनकडे स्कारबरो नावाचं भलंमोठं, साध्या चाकासारखं रीळ वापरतात. बघायला विचित्र, पण तिथले जुने लोक त्यानं असे फेकतात की ब्रेक, चुंबक सगळं फुकट वाटावं.

मला शिकवलं ते जपान्यांनी. कारण त्यांचा मासा आपला आहे. जपानात पुळणीवरून लांब फेकून जो मासा धरतात तो ‘किसु’, आणि किसु म्हणजे आपल्या मुडदुशाचा सख्खा चुलतभाऊ. दोघांचा वंश एकच, सिलॅगो. दोघं सपाट वाळूवर थव्यानं फिरतात, दोघांचं तोंड बारीक, दोघं वाळूतले किडे आणि कोळंबी टिपतात. आणि आपल्या कित्येक पुळणींसारखंच तिथलं तळही हळूहळू खोल होतं. जपानी माणसाला लांब फेकायचं असतं ते शोधण्यासाठी. साधारण चार मीटरची काठी, २७ ‘गो’चं शिसं (एक गो ३.७५ ग्रॅम, म्हणजे सुमारे १०० ग्रॅम), आणि पुढचा जाड तंगूसही एका जाडीचा नाही : शिशाकडे जाड, रिळाकडे निमुळता होत गेलेला. त्याला ‘चिकारा-इतो’ म्हणतात, बळाचा दोरा. गाठ छोटी होते, कड्यांत अडत नाही. ब्रिटिशांच्या जोडात मला कायम खटकणारी जागा ती गाठच होती.

फेकून झालं की खरं काम सुरू. शिसं तळाला टेकवून ते अगदी सावकाश ओढतात. काठीच्या टोकातून तळ हाताला कळतो. गुळगुळीत वाळूवर शिसं हलकं येतं. चराचा चढ चढताना जड होतं. तिथे थांबायचं. किसु अशा उंचसखलात जमतात. एकदा थवा सापडला की त्याच अंतरावर पुन्हा फेकायचं, आणि एका ओळीत पाच-सहा गऱ्या असतील तर दोन-तीन मासे एकदम येतात. १५० मीटरची फेक म्हणजे त्यांच्यासाठी १५० मीटर तळाची चाचपणी. मासा ४० मीटरवर सापडला तर ते ४० मीटरवर फेकतात, आणि कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही.

हे वाचून मी माझा रविवार बदलला. आधी गावातल्या मैदानावर, शाळा सुटल्यावर, खुंट्या ठोकून फेक मोजली. पहिल्या दिवशी ७० पावलं. चकरी नीट भरली, काठीची पकड बदलली, दणका उशिरा द्यायला लागलो; महिन्याभरात शंभरी गाठली. मग अमावास्येच्या उधाणाची ओहोटी पाहून सकाळी पुळणीवर गेलो. पाणी खूप मागे गेलं होतं. जिथे मी आदल्या पंधरवड्यात रात्र-रात्र भरतीला फेकत होतो तिथे आता चालता येत होतं. वाटेत एक चर लागला, गुडघाभर पाण्याचा, किनाऱ्याला समांतर. त्यात बोटभर मुडदुसे सावलीला बिचकून सटकत होते. चर ओलांडून पुढच्या कोरड्या उंचवट्यावर चढलो. तिथे रापणीच्या जुन्या जाळ्याच्या तुकड्यात अडकलेली, तारेच्या नख्यांची माझी तीन शिसं सापडली. चरापासून मोजून बत्तीस पावलं पलीकडे.