मीटरच्या लहरी आणि मीटरचा सांधा

रविवारची वंदना संपली की विहारात आमच्याभोवती बायाबापड्या बसतात आणि दुखणीखुपणी विचारतात. मागच्या महिन्यात एका आजींनी विचारलं, “गल्लीत पाण्याचा नवा मीटर बसवला. आकडा घेणारा माणूस दारातही येत नाही, लांबूनच घेऊन जातो. म्हणजे त्यातून लहरी निघतात ना? सूनबाई पोटुशी आहे आणि तिची खाट त्याच भिंतीला आहे.”

आजींची शंका हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. मीटर बसवणाऱ्यांनी गल्लीत कुणालाच काही समजावलं नव्हतं. मग माणसं एकमेकांना सांगतात आणि भीती वाढत जाते.

पुण्यात समान पाणीपुरवठा योजनेत असे मीटर बसवले जात आहेत. मुंबई महापालिकेने ते त्याच्याही आधी बसवायला घेतले होते. आतून किती पाणी गेलं ते यंत्र मोजतं आणि तो आकडा, मीटरच्या नंबरासकट, रेडिओ लहरीने बाहेर पाठवतं. या लहरी मोबाईलच्याच जातीच्या. एक्स-रे शरीरातल्या पेशींची मोडतोड करू शकतो, ती ताकद या लहरींत नसते. त्या फार जोरदार असल्या तर अंग तापवतात, एवढंच.

मग मीटरच्या लहरींचा जोर किती? अशा यंत्रांत तो साधारण २५ मिलीवॅट, म्हणजे एका वॅटचा चाळीसावा भाग असतो. साधा जुना टूजी मोबाईल रेंज नसेल तेव्हा २ वॅटपर्यंत जोर लावतो. मीटरचा निरोपही क्षणाचा असतो. समजा तो दर १५ सेकंदांनी एकदा, सेकंदाचा शंभरावा भाग बोलला, तर चोवीस तासांत सगळं बोलणं मिळून एक मिनिटसुद्धा भरत नाही. काही मीटर तर दिवसातून मोजक्याच वेळा बोलतात. त्यात अंतर दुप्पट झालं की लहरीचा जोर चौथाईवर येतो. मोबाईल कानाला चिकटलेला असतो, मीटर भिंतीपलीकडे. पाण्यावर या लहरींचा काही परिणाम होत नाही.

“पण रेडिओ लहरींनी कॅन्सर होतो असं छापून आलं होतं,” असं एका ताईंनी मध्येच सांगितलं. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने रेडिओ लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात घातलं, हे खरं आहे. याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. पुरावा तोकडा असला की वस्तू या गटात जाते. पुढे २०२४ मध्ये त्याच संघटनेने करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाईल वापरणं आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. पक्क्या पुराव्याच्या पहिल्या गटात जी तंबाखू आहे, ती मात्र विचारणाऱ्या ताईंच्याच दाढेखाली होती. त्याही हसल्या.

सूनबाईची खाट हलवायची गरज नाही. पण मीटरजवळचा सांधा मात्र बघायला हवा, हे आम्ही आजींना दोनदा सांगितलं. मीटर बसवताना पाईप कापतात. जोड सैल राहिला आणि शेजारून गटार वाहत असलं, तर नळ गेल्यावर रिकामा पाईप तेच घाण पाणी आत ओढतो. दुसऱ्या दिवशी नळ आला की पहिल्या हंड्यात ते येतं. कावीळ, हगवण, टायफॉईड असेच पसरतात. दूषित पाण्यातून होणारी ‘ई’ प्रकारची कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत. म्हणून नळ आल्यावर पहिलं पाणी भांडी-लादीला वापरा, प्यायचं पाणी खळखळ उकळून झाकून ठेवा. सांधा ओला दिसला तर पाचदहा घरांनी मिळून लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. मीटरच्या खड्ड्यात पाणी साचलं असेल तर तेही उपसा, डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात अंडी घालतो.

आणखी एक गोष्ट, भंगार वेचणाऱ्या घरांसाठी. या मीटरमध्ये वर्षानुवर्षं चालणारी लिथियमची बॅटरी असते. टाकून दिलेला मीटर सापडला तर तो फोडू नका, तांब्या-पितळेसाठी शेकोटीत टाकू नका. बॅटरी फुटते, भाजतं, विषारी धूर निघतो. पोरांच्या हाती तर अजिबात लागू देऊ नका.

गळती आहे की नाही हे घरीच कळतं. पाणी चालू असताना त्या जोडणीवरच्या सगळ्या घरांनी नळ बंद करायचे आणि मीटरकडे बघायचं. आकडा तरीही पुढे सरकत असेल, तर मीटरनंतरच्या पाईपात कुठेतरी गळती आहे. आजींच्या गल्लीत सात घरांनी असं केलं. काटा हळूहळू फिरत होता. सांधा सापडला तो गटाराच्या कडेलाच.