सहा स्क्रूंची पेटी

पलंगाखालून येणारा वास मला पाठ होता. करपलेल्या पीव्हीसीचा, किंचित आंबट, घशात बसणारा. आयटीआयमध्ये तीस वर्षं वायरमन ट्रेडची मुलं शिकवली. वर्कशॉपमध्ये कुणाचं कनेक्शन ढिलं राहिलं, की डोळ्यांच्या आधी नाकाला कळायचं. फरक एवढाच, की या वेळी पलंग चाकांवर होता.

मे महिना, ॲरिझोनातल्या टूसॉनजवळचा मोटरहोमचा तळ. बाहेर चाळिशीची कोरडी आग, कुंपणापलीकडे हात वर करून उभे असल्यासारखे सग्वारो निवडुंग. भाच्यानं जुनी मोटरहोम घेतली होती आणि मामा-मामींना हौसेनं फिरवायला काढलं होतं. ओटा, फ्रिज, न्हाणीघर, छतावर एसी, सगळं एका बसमध्ये. कुरकुर एकच. ‘‘मामा, एसी लावला की दहा मिनिटांत सगळं बंद पडतं. थोड्या वेळानं आपोआप येतं. जनरेटरवर मात्र दिवसभर चालतो. या तळांची लाइटच खराब असणार.’’

‘‘आधीच्या तळावर काय झालं होतं?’’

‘‘तिथंही हेच.’’

‘‘मग दोन्ही तळ खराब, आणि तुझी गाडी तेवढी शहाणी?’’

मोटरहोमला वीज दोन वाटांनी मिळते. तळावर प्रत्येक जागेशेजारी एक खांब असतो. त्यात जाड केबलचा प्लग लावायचा. या विजेला तिकडे ‘शोअर पॉवर’ म्हणतात, म्हणजे किनाऱ्याची वीज. शब्द जहाजांकडून आला आहे: धक्क्याला लागलेलं जहाज स्वतःची इंजिनं बंद करून किनाऱ्याची वीज घेतं. दुसरी वाट गाडीतल्या जनरेटरची, रानात मुक्काम असेल तेव्हाची. दोन्हींकडून येते ती १२० व्होल्टची, सेकंदाला ६० आवर्तनांची अमेरिकी वीज. आणि दोन्ही वाटा जिथे एकत्र येतात तिथे वहीएवढी एक पेटी बसवलेली असते. तिचं नाव ट्रान्सफर स्विच.

आपल्याकडे हिला चेंजओव्हर म्हणतात. भारनियमनाच्या काळात ज्यांची लग्नं झाली त्यांनी तो मंगल कार्यालयाच्या भिंतीवर पाहिला असेल. मोठा खटका: वर केला की महावितरण, खाली केला की जनरेटर, मध्ये ठेवला की अंधार. दांडा एकच असल्यामुळे तो एका वेळी एकाच बाजूला जाऊ शकतो. त्या खटक्याची सगळी अक्कल एवढीच, आणि ती पुरेशी आहे. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत.

राहिल्या तर काय होईल? दोन्हीकडे १२० व्होल्ट असले तरी ते स्थिर नसतात. सेकंदाला साठ वेळा अधिक-उणे हेलकावतात, आणि टोकाला १७० व्होल्टपर्यंत जातात. जनरेटरचा हेलकावा खांबाच्या हेलकाव्याशी जुळलेला असण्याचं काही कारण नाही. एक अधिक १७० वर आणि दुसरा उणे १७० वर असताना गाठ पडली, तर तफावत ३४० व्होल्टची, आणि मध्ये अडवायला केवळ तारेचा नगण्य रोध. भडका उडेल, आणि नुकसान बहुतेक जनरेटरचं होईल. त्याच्यासमोर अख्खी ग्रिड उभी असते.

दुसरा धोका दिसत नाही, म्हणून अधिक वाईट. लाइट गेली, आणि कुणी चेंजओव्हर न बसवता जनरेटरची वायर सरळ घरातल्या सॉकेटमध्ये खुपसली, तर ती वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते. ट्रान्सफॉर्मरला सुलटं-उलटं कळत नाही. आपल्याकडे तो ११ हजार व्होल्टचे ४३३ करतो. उलट दिशेनं घरातली वीज पुन्हा हजारो व्होल्टची होऊन खांबावर चढते. वर लाइनमन असतो, त्याच्या समजुतीप्रमाणे लाइन मेलेली असते. आपले लाइनमन याला ‘रिटर्न सप्लाय’ म्हणतात, आणि कामाआधी तारा आपसांत जोडून अर्थ करतात ते याच भीतीनं. मंगल कार्यालयातला दांडा आपल्या पंख्यांसाठी असतो, तसा त्या खांबावरच्या माणसासाठीही असतो.

मोटरहोममध्ये हा दांडा हातानं फिरवावा लागत नाही. पेटीत विद्युतचुंबकावर चालणारा रिले किंवा काँटॅक्टर असतो. भाच्याच्या पेटीत निवांत स्थितीत संपर्क खांबाकडे जोडलेले होते. जनरेटर सुरू झाला की त्याचीच वीज चुंबकाच्या कॉइलला मिळते, चुंबक पट्टी ओढतो, खांबाकडचे संपर्क सुटतात आणि जनरेटरकडचे जुळतात. मात्र लगेच नाही. वीसतीस सेकंद थांबून, कारण नुकत्याच सुरू झालेल्या इंजिनाचा वेग स्थिर झालेला नसतो, आणि वेग डळमळला की व्होल्टेजही डळमळतं. भाचा या वेळात पेटीवर थापा मारायचा, आणि थापेनं ती चालू होते असं त्यानं मनाशी धरलं होतं. तिसाव्या सेकंदाला ती थापेशिवायही खट् करते हे त्याला घड्याळ लावून दाखवलं.

बिघाड कुठे नाही?

दोष शोधण्याचा पहिला धडा मी मुलांना असा द्यायचो: बिघाड कुठे आहे हे विचारू नका, कुठे नाही ते खोडत चला. भाच्याच्या तक्रारीतच अर्धं उत्तर होतं. जनरेटरवर एसी दिवसभर चालतो, म्हणजे एसी ठीक, आतला फ्यूजबोर्ड ठीक, पेटीतून आत जाणाऱ्या वायरीही ठीक. उरलं काय? खांब, केबल, आणि पेटीतली खांबाकडची बाजू.

मल्टिमीटर घेतला. एसी बंद असताना खांबावर, पेटीच्या तोंडाशी आणि पेटीच्या पलीकडे, तिन्ही ठिकाणी १२० च्या आसपास. सगळं आलबेल. हा मल्टिमीटरचा नेहमीचा चकवा. वीज वाहतच नसेल तर ढिला सांधाही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. कंटिन्युइटीवर ठेवून बीप ऐकलं तरी तेच: काही ओहमचा रोध असला तरी मीटर आनंदानं बीप करतो.

मग एसी लावला. १२ अँपिअर वाहू लागले. खांबावर ११९, पेटीच्या तोंडाशी ११८, पेटीच्या पलीकडे १११. सात व्होल्ट पेटीत गडप! झाकण उघडून चालू विजेवर असं मोजणं हे हात बसलेल्या वायरमनचं काम. वाचकांनी त्यात पडू नये.

आता कोणती वायर? इथे माझा हात चुकता चुकता राहिला. तीस वर्षांची सवय सांगत होती, काळी वायर म्हणजे न्यूट्रल. आपल्याकडे काळी न्यूट्रल असते. अमेरिकेत काळी म्हणजे फेज आणि पांढरी न्यूट्रल. हात मागे घेतला, पाणी प्यायलो, आणि भाच्याला रंग मोठ्यानं वाचायला सांगितले. मग मीटरची एक सुई येणाऱ्या काळ्या वायरीवर आणि दुसरी जाणाऱ्या काळ्या वायरीवर: ०.१ व्होल्ट. पांढऱ्या वायरींवर: ६.९. चोर सापडला. खांबाकडच्या न्यूट्रलचा स्क्रू.

सात व्होल्ट म्हणजे किती, ते गुणाकार केल्यावर कळतं. ७ व्होल्ट गुणिले १२ अँपिअर म्हणजे ८४ वॉट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचा साधा सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचा असतो. असे तीन आयर्न पलंगाखाली, लाकडी खोक्यात, एका स्क्रूच्या डोक्यावर टेकवून ठेवले होते म्हणा ना. रोध पाहिला तर अर्ध्या ओहमहून थोडासा जास्त.

सांधा ढिला का होतो?

दोन धातू आवळले की ते पूर्ण पृष्ठभागानं टेकले असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते थोड्याच उंचवट्यांवर टेकतात, आणि सगळी वीज त्या टोकांमधून जाते. दाब जेवढा जास्त, तेवढे उंचवटे चेपतात आणि वाटा वाढतात. गाडी हजारो मैल हादरे खाते, दाब कमी होतो, वाटा घटतात. घटलेल्या वाटा तापतात, तापलेल्या तांब्यावर ऑक्साइड चढतं, त्यानं रोध वाढतो, आणि रोध वाढला की उष्णता आणखी वाढते. घसरगुंडीच. भाच्याच्या गाडीत दहा मिनिटांत सांधा इतका तापायचा की संपर्कच सुटायचा. निवला की पुन्हा टेकायचा. ‘आपोआप येतं’ त्याचं कारण हे.

ही पेटी आतून पाहिली तर तिच्यात सांध्यांशिवाय फारसं काही नाही. खांबाकडचे दोन स्क्रू, जनरेटरचे दोन, घराचे दोन, शिवाय अर्थिंग. तार शंभर फूट असली तरी ती सहसा दगा देत नाही. दगा देतात तिची दोन टोकं.

न्यूट्रललाही खटका कशाला, असं एखादा चौकस वाचक विचारेल. तळावरच्या विजेत न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना जोडलेले असतात ते वीज येते त्या ठिकाणी. जनरेटरमध्ये तीच जोडणी जनरेटरपाशी. गाडीच्या आतल्या बोर्डात दोघांना वेगळंच ठेवायचं असतं, नाहीतर परतीची वीज गाडीच्या पत्र्यावरून फिरू लागेल. म्हणून वाट बदलताना फेजबरोबर न्यूट्रलही बदलावा लागतो.

भाच्याची गाडी ३० अँपिअरची, म्हणून नुसत्या अंधारावर निभावलं. मोठ्या गाड्यांना ५० अँपिअरची जोडणी असते. त्यात दोन फेज येतात, प्रत्येकी १२० व्होल्टचे, एकमेकांत २४० चं अंतर राखून. न्यूट्रल दोघांच्या मध्ये उभा राहून दोन्हीकडे १२० ची वाटणी करतो. तो सुटला तर दोन्ही बाजूंची उपकरणं एका माळेत येतात. समजा एका बाजूला १२०० वॉटचा हीटर आणि दुसऱ्या बाजूला १२० वॉटचे जुने पिवळे दिवे. मग हीटरच्या वाट्याला जेमतेम २२ व्होल्ट येतात आणि दिव्यांच्या वाट्याला २१८. दिवे क्षणभर लखलखतात आणि जातात. आपल्याकडे सोसायटीचा न्यूट्रल तुटला की काही फ्लॅटमधले टीव्ही एकाच वेळी जळतात, तेव्हाही वाटणी करणारा मधून उठून गेलेला असतो.

बदलाबदली

स्क्रू आवळून भागलं नसतं. खालचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळलं होतं, पितळी पट्टीचा रंग उडाला होता. पेटीच बदलायची होती. नवी आणली ती त्याच ३० अँपिअरची.

खांबाचा ब्रेकर पाडला, प्लग काढून केबल डोळ्यांसमोर ठेवली. जनरेटर बंद, त्याचं आपोआप सुरू होणं बंद, इन्व्हर्टर बंद. नंतर मीटर आधी खात्रीच्या चालू विजेवर लावून पाहिला, मग पेटीत, मग पुन्हा चालू विजेवर. वीज नाही असं मीटर सांगतो तेव्हा मीटर जिवंत आहे ना, याची ही दुहेरी खात्री. मुलांना मी हे न केल्याबद्दल वर्कशॉपबाहेर काढत असे.

मामींनी मोबाइलवर आधी चार फोटो काढले. प्रत्येक वायरीला चिकटपट्टीची चिठ्ठी लावली. करपलेली पांढरी वायर चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापली, कारण काळवंडलेलं तांबं नव्या स्क्रूखालीही काळवंडलेलंच राहतं. नव्या पेटीत वायरी घालून, कंपनीनं सांगितलेल्या जोरानं, टॉर्कच्या स्क्रूड्रायव्हरनं आवळल्या. मग प्रत्येक वायर हातानं ओढून पाहिली.

दुपारी सावलीत बसून जुनी पेटी उकलली. चुंबकाच्या तोंडावर बांगडीसारखी तांब्याची एक बारीक कडी बसवलेली असते, ती भाच्याला दाखवली. तिकडच्या विजेत चुंबकाचा जोर सेकंदाला १२० वेळा शून्यावर येतो. प्रत्येक वेळी पट्टी सुटू पाहते. पण त्या कडीत प्रेरित होणारी वीज जरा उशिरा पोचते, आणि मुख्य जोर संपतो तेव्हा तिचा थोडा जोर शिल्लक असतो. त्यावर पट्टी टिकून राहते. तोंडावर गंज किंवा धूळ बसली की पट्टी नीट टेकत नाही आणि पेटी घर्रर्र करू लागते. तशीच सोडली तर कॉइल जळते, कारण पट्टी पूर्ण ओढली जाईपर्यंत कॉइल नेहमीच्या कितीतरी पट वीज खात राहते. म्हणून पेटीचा आवाज वाढला, तर तीही तक्रारच समजावी.

संध्याकाळी एसी लावला. तोंडाशी ११८, पलीकडे ११८. नाक आडवं करून पलंगाखाली घातलं. वास नव्हता.

‘‘सुटला ना प्रश्न?’’ भाच्यानं विचारलं.

‘‘दीडशे मैल जाऊ दे, मग सांगतो.’’

दुसऱ्या दिवशी पुढच्या मुक्कामी प्लग लावायच्या आधी, सगळं बंद करून, मीटरनं पुन्हा खात्री करून, पेटी उघडली. पाच स्क्रू जिथल्या तिथे होते. सहावा, तोच पांढरा, पाव फेरा फिरला. नवीकोरी पेटी, एका दिवसाचा रस्ता. भाचा काही बोलला नाही. स्क्रूड्रायव्हर त्यानं हत्यारांच्या पेटीत ठेवला नाही. ओट्याच्या खणात, चमच्यांशेजारी ठेवला.