जिवाणूच्या पटलातील सफाई आणि ज्येष्ठांची इंजेक्शने

कोल्हापूरच्या गुऱ्हाळात उसाचा रस उकळू लागला की काहिलीत मळी वर येते. गुळव्या ती वेळीच काढतो. मळी राहिली तर गूळ बिघडतो. जिवाणूच्या सूक्ष्म पेशीतही अशीच सफाई अखंड चालू असते. ज्येष्ठांना दिल्या जाणाऱ्या काही प्रतिजैविकांचा परिणाम काही अंशी तिच्यावर अवलंबून असतो.

जिवाणूभोवती मेदाचे पातळ पटल असते. त्यात बसवलेली प्रथिने अन्न आत घेणे, टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकणे अशी कामे करतात. एखादे प्रथिन सदोष घडले, तर पटलाला गळती लागण्याचा धोका संभवतो. अशा प्रथिनांचा निकाल लावणारे एक प्रमुख विकर म्हणजे ‘एफटीएसएच’. सहा घटकांचे त्याचे कडे असते. पेशीतील ऊर्जा खर्चून ते सदोष प्रथिनाला पटलातून ओढून काढते, त्याची घडी उलगडते आणि त्याचे लहान तुकडे करते. मळी टाकली जाते. येथे मात्र तुकड्यांतील अमिनो आम्ले पुन्हा उपयोगात येतात.

१९४३ साली अमेरिकेत शोधलेल्या स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने क्षयरोगावर दिली जात, हे अनेक वाचकांना आठवत असेल. जेंटामायसिन व अमिकासिन ही औषधे त्याच गटातील. जिवाणू प्रथिने बनवत असताना ही औषधे त्याला चुका करावयास लावतात. सदोष प्रथिने पटलात साचतात आणि सफाई अपुरी पडली की पेशी कोलमडते. स्यूडोमोनास या जिवाणूत एफटीएसएच निकामी केले असता याच गटातील टोब्रामायसिनपुढे तो फार लवकर हतबल झाल्याचे प्रयोगांत दिसले आहे. अर्थात, जिवाणूंच्या प्रतिकाराला इतरही कारणे असतात.

मग ही सफाईच बंद पाडणारे औषध का करू नये? अडचण अशी की, आपल्या पेशींतील ऊर्जाकेंद्रांतही, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांतही, याच कुळातील विकरे आहेत. त्यांपैकी ‘पॅराप्लेजिन’मधील आनुवंशिक दोषामुळे पाय ताठरतात व चालणे अवघड होते, हे १९९८ साली उघड झाले. औषधाला जिवाणूचे विकर नेमके ओळखता आले पाहिजे.

तोवर हाती असलेली औषधे जपून वापरणे हाच मार्ग. या गटातील इंजेक्शने मूत्रपिंड व श्रवणशक्ती यांना अपाय करू शकतात आणि उतारवयात हा धोका वाढतो. म्हणून मूत्रपिंडाचा विकार, ऐकू कमी येणे आणि चालू असलेली सर्व औषधे यांची माहिती डॉक्टरांना आधीच द्यावी. उपचारकाळात सांगितलेली क्रिएटिनिनची तपासणी टाळू नये. कानात आवाज येणे, तोल जाणे किंवा लघवी कमी होणे जाणवताच त्वरित कळवावे. मात्रा कमी करण्याचा वा औषध थांबवण्याचा निर्णय घरी घेऊ नये. अपुऱ्या मात्रेतून सावरण्याची साधने जिवाणूपाशी असतात.