३१ डिसेंबरच्या आत : छोट्या व्यावसायिकांची करतयारी

भारतात 'मार्च एंड' म्हटले की दुकानदारापासून बँकेतल्या कारकुनापर्यंत सगळ्यांची धांदल उडते. इथे जर्मनीत ती तारीख ३१ डिसेंबर. नेमकी नाताळच्या सुट्टीतली, जेव्हा आपल्यापैकी बरेचजण पुण्या-मुंबईला गेलेले असतात! आपल्यातले कुणी फराळाच्या ऑर्डरी घेतात, कुणी योगवर्ग चालवतात, कुणी माझ्यासारखे नोकरी सांभाळून संगणकाची कामे करतात. त्या सर्वांसाठी ही माहिती.

आधी माझी चूक सांगतो. इथे 'क्लाइनउंटरनेमर' म्हणजे छोट्या व्यावसायिकासाठी एक सवलत आहे. तिच्यात बसणाऱ्याने बिलावर उम्झात्सश्टॉयर (आपल्याकडच्या जीएसटीसारखा कर) लावायचा नसतो. २०२२ साली तिची मर्यादा वर्षाला २२,००० युरो होती. माझी उलाढाल २१,४०० होती, म्हणून मी निर्धास्त होतो. ३० डिसेंबरला एका ग्राहकाने १,२०० युरो खात्यात भरले आणि बेरीज २२,६०० झाली. माझ्या ते लक्षातच आले नाही. २०२३ मध्ये नेहमीप्रमाणे करावाचून बिले दिली. १७,८५० युरो मिळाले. पण त्या वर्षी सवलत उरलीच नव्हती. त्याच रकमेत १९ टक्के कर धरला गेला, म्हणजे २,८५० युरो! ग्राहक सगळे घरगुती. त्यांच्याकडे मागाहून कर कसा मागणार? खिशातून भरले. ते बिल जानेवारीत पाठवले असते तर हे टळले असते.

२०२५ पासून नियम असा आहे : मागील वर्षाची उलाढाल २५,००० युरोंपेक्षा जास्त नको आणि चालू वर्षात १,००,००० ओलांडता कामा नयेत. ओलांडले, तर त्या व्यवहारापासूनच कर सुरू होतो. नवा व्यवसाय असेल तर पहिल्या वर्षी २५,००० हीच मर्यादा. लक्षात ठेवा, उलाढाल म्हणजे नफा नव्हे; हाती आलेली सगळी रक्कम मोजायची. म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच बेरीज करा.

बाकीची तयारी अशी :

१. जमाखर्च : छोट्या व्यवसायाचा हिशेब साधारणपणे पैसे आले-गेले त्या तारखेने धरतात, बिलाच्या तारखेने नव्हे. खर्च याच वर्षात दाखवायचा असेल तर पैसे ३१ डिसेंबरपूर्वी जायला हवेत. भाड्यासारख्या नियमित रकमांना मात्र वर्षअखेरीच्या आगेमागे दहा दिवसांची वेगळी सवलत आहे.

२. खरेदी : उम्झात्सश्टॉयर सोडून ८०० युरोंपर्यंतची वस्तू त्याच वर्षी पूर्ण खर्चात धरता येते. संगणकाची किंमत त्याहून जास्त असली तरी २०२१ पासून ती एका वर्षात वजा करता येते. पण केवळ कर वाचवण्यासाठी नको असलेली वस्तू घेऊ नये. वाचतो तो कर, किंमत नव्हे.

३. पावत्या : दुकानातल्या पावतीची शाई वर्ष-दोन वर्षांत उडते. तिची प्रत लगेच काढावी. हिशेबाच्या पावत्या आता आठ वर्षे जपाव्या लागतात (पूर्वी दहा). ई-बिल स्वीकारण्याची सोयही २०२५ पासून प्रत्येक व्यावसायिकाकडे असायला हवी. ते देण्याची सक्ती मात्र क्लाइनउंटरनेमरवर नाही.

४. भारतातले व्याज : इथल्या रहिवाशाने तेही दाखवायचे असते. तिकडची बँक एप्रिल ते मार्चचा दाखला देते, इथे जानेवारी ते डिसेंबर लागतो. म्हणून दोन वर्षांचे दाखले मागवून आकडे वेगळे करावेत. १९९५ च्या भारत-जर्मनी करारानुसार तिकडे कापलेला कर ठरावीक मर्यादेपर्यंत इथे वजा मिळतो.

विवरणपत्र स्वतः भरल्यास मुदत पुढील ३१ जुलैपर्यंत. करसल्लागारामार्फत भरल्यास त्यानंतरच्या फेब्रुवारीअखेर. 'एल्स्टर'वर प्रथमच नोंदणी करणाऱ्यांनी आधीच अर्ज करावा, कारण सुरुवातीचा संकेतांक टपालाने येतो.

प्रत्येकाची परिस्थिती निराळी असते, तेव्हा शंका असल्यास करसल्लागाराला जरूर विचारावे. पण बेरीज आपणच करायची असते. विमानात बसण्यापूर्वी वही एकदा उघडा, एवढीच विनंती.